थंडीसाठी घरच्या घरी: काय शिवावं, काय शिजवावं, काय विकत आणूच नये

उंबरठा

थंडीच्या महिन्यांत उपयोगी पडतील अशा घरगुती वस्तू आणि पाककृती एका जागी जमवाव्यात म्हणून हा धागा. अटी दोनच. सामान शक्यतो घरात पडून असलेलं हवं, आणि माप नेमकं हवं. 'थोडंसं', 'अंदाजाने', 'लागेल तसं' असं लिहू नका; पहिल्यांदा करणाऱ्याकडे अंदाजच नसतो.

माझं मत आधी मांडते. नवी ऊब तयार करायला इंधन लागतं, वीज लागते. घरात आहे ती ऊब अडवायला चिंध्या पुरतात. म्हणून सुरुवात दाराखालच्या फटीपासून व्हावी.

दाराच्या रुंदीपेक्षा ४ इंच जास्त लांब आणि १३ इंच रुंद अशी कापडाची पट्टी घ्या. उलट बाजूने दुमडून अर्धा इंच आत टीप मारली की १२ इंच घेराची, म्हणजे जवळजवळ ४ इंच जाडीची नळी होते. एक तोंड शिवा, सुलट करा, भरा, दुसरं तोंड हाताने शिवा. जुन्या जीन्सचा पाय असेल तर निम्मं शिवणकाम वाचतं. भरायला विरलेले टी-शर्ट आणि जोडीदार हरवलेले मोजे, बोटभर रुंद पट्ट्या कापून. आख्खे कपडे कोंबले की गाठी होतात आणि दोन गाठींच्या मधून वारा आत येतो. दर फुटाला मूठभर कोरडी वाळू छोट्या पिशवीत बांधून आत ठेवा, नाहीतर नळी हलकी होऊन सरकत राहते.

ठासून भरू नका. टणक नळी जमिनीला एका रेषेतच टेकते. सैल नळी पसरते आणि फरशीच्या खाचखळग्यांत बसते. पाऊण भरली की थांबा.

तुम्ही काय काय करता? आणि एकच गोष्ट करायला वेळ असेल तर कुठली कराल?

टाचणी

नळी चांगलीच, पण दार उघडलं की दर वेळी वाकून परत लावावी लागते. ज्या दाराची सारखी उघडझाप होते त्याला जुळी नळी करा. दोन बारीक नळ्या, मध्ये सपाट पट्टी. पट्टी दाराखालून जाते, एक नळी आत, एक बाहेर. दाराबरोबर आपोआप सरकते.

दीड इंच जाडीच्या दारासाठी कापड पावणेएकोणीस इंच रुंद घ्या. हिशोब असा: प्रत्येक नळीला ८ इंच घेर, मधली पट्टी दाराच्या जाडीपेक्षा पाव इंच जास्त, आणि दोन्ही कडा आत मोडायला मिळून १ इंच. कडा मध्याकडे दुमडून पट्टीच्या रेषेवर टीप मारा. लांबी दाराएवढीच हवी. जास्त झाली तर चौकटीत अडकते. यात वाळू नको. घासून कापड फाटतं आणि वाळू घरभर होते.

फट नेमकी कुठे आहे हे शोधायला टिश्यूपेपरची हातभर पट्टी पुरते. वारा सुटलेला असताना चौकटीच्या कडेकडेने फिरवा. जिथे थरथरेल तिथे फट.

कवडसा

+१. खिडक्यांचंही सांगा ना.

टाचणी

@कवडसा, पार्सलमधून आलेला फुग्यांचा प्लास्टिक कागद टाकून देऊ नका. काचेच्या मापाचा कापा, काचेवर साध्या पाण्याचा फवारा मारा आणि फुग्यांची बाजू काचेकडे करून दाबा. गोंद लागत नाही. कोपरे सुटले तर पुन्हा पाणी मारायचं. प्रकाश येतो, पण बाहेरचं धूसर दिसतं, त्यामुळे रोज बाहेर बघायच्या खिडकीला लावू नका. आठवड्यातून एकदा खालची कड उचलून बघा; बाष्प साठून चौकट ओली राहिली तर बुरशी धरते.

भिंगरी

सगळ्या फटी बुजवायच्या आधी एक गोष्ट कृपया लक्षात घ्या. ज्या खोलीत गॅसचा हीटर, गॅसचा गीझर, चूल किंवा कोळशाची शेगडी पेटते, तिथली हवा खेळती राहायलाच हवी. हवा अपुरी पडली की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही सुरुवातीची लक्षणं. झोपेतल्या माणसाला तीही कळत नाहीत. अशा खोलीतली झरोक्याची जागा कधीही बुजवू नका. आणि पेटत्या कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपणं तर कुठल्याही थंडीत नाही.

उंबरठा

@भिंगरी, हे मूळ लेखातच यायला हवं होतं. मनापासून आभार.

मंदआच

'ऊब अडवा' हे सूत्र स्वयंपाकालाही तंतोतंत लागू पडतं. ऊबपेटी करा. पदार्थ उकळेपर्यंतच इंधन खर्च होतं, पुढचं शिजणं अडवलेल्या उष्णतेवर.

जाड पुठ्ठ्याचं खोकं किंवा झाकणाची लाकडी पेटी घ्या. भांड्याच्या खाली, वर आणि चारही बाजूंनी किमान ४ इंच भरण बसलं पाहिजे: जुनी रजई, लोकरी शाल, कोरडं गवत, चुरगळलेले वर्तमानपत्राचे बोळे, काहीही. भांडं जाड बुडाचं आणि घट्ट झाकणाचं. सगळ्यात महत्त्वाचं, ते पाऊण तरी भरलेलं हवं. उष्णता पाण्यात साठते. अर्धा लिटर सूप पेटीत ठेवलं तर लवकर निवेल, दोन लिटर ठेवलं तर शिजेल.

सोपी सुरुवात म्हणजे मसूर-गाजराचं सूप. मसूर डाळ २०० ग्रॅम धुऊन, गाजर २५० ग्रॅम अर्ध्या इंचाचे तुकडे करून, एक मोठा कांदा चिरून. दोन चमचे तेलात कांदा मऊ करा, गाजर-डाळ घाला, १२०० मिलि पाणी घाला, झाकून १० मिनिटं खळखळून उकळा. झाकण न उघडता थेट पेटीत. वरून भरण दाबा, पेटी बंद, २ तास हात लावायचा नाही. मग बाहेर काढा, मीठ-मिरपूड घाला, घोटा आणि वाढायच्या आधी पुन्हा एक उकळी आणा.

नेहमीच्या कृतीपेक्षा पाणी साधारण पाचव्या हिश्श्याने कमी घ्या, कारण पेटीत वाफ बाहेर जात नाही. बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत: मध्येच झाकण उघडणं, भांडं रिकामं असणं, आणि झाकणावर भरण न घालणं. वरच्या बाजूने सगळ्यात जास्त ऊब जाते.

चिमूटभर

@मंदआच, उत्तम. पण कडधान्यं पेटीत शिजवणाऱ्यांसाठी राजम्याचं वेगळं लिहायला हवं. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी प्रथिन असतं. ते खळखळत्या उकळीनेच निकामी होतं. ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो, आणि ऊबपेटीत तापमान नेमकं तिथेच येतं. म्हणून राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात झाकण काढून ३० मिनिटं उकळा आणि मगच पेटीत ठेवा. नुसती उकळी फुटली की पेटीत, हे राजम्याला चालणार नाही.

आणि कुठलाही पदार्थ ६० अंशांच्या खाली कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवू नये. जंतूंना तीच ऊब आवडते. थर्मामीटर नसेल तर पेटीतला वेळ ३ तासांच्या पुढे नेऊ नका. उरलेलं सूप उथळ भांड्यात पसरून गार करा आणि २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.

पातेलं

ऊबपेटीचा दुसरा उपयोग अजून कोणी लिहिला नाही: दही! थंडीत दही लागत नाही ही तक्रार सगळीकडे असते आणि दोष विरजणाला दिला जातो. दोष तापमानाचा असतो.

१ लिटर दूध उकळी फुटायच्या बेतात आणा (८५ अंश), ५ मिनिटं तिथेच ठेवा, मग ४३ ते ४५ अंशांपर्यंत निवू द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. गरम लागेल पण चटका नको. एक मोठा चमचा ताजं दही थोड्या दुधात घोटून सगळ्यात मिसळा. झाकून पेटीत, शेजारी गरम पाण्याची एक बंद बाटली. ६ ते ८ तास हलवायचं नाही. दूध ५० अंशांच्या वर असताना विरजलं तर विरजण मरतं, ३० अंशांना विरजलं तर सकाळी अदमुरं मिळतं. दही चिकट, तार सुटणारं झालं तर बहुतेक वेळा तापमान कमी पडलेलं असतं किंवा विरजण जुनं असतं.

आता सालींचा अर्क. गाजराची टोकं, कांद्याची बाहेरची पाती, टोमॅटोचे देठाकडचे भाग, मशरूमचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं धुऊन फ्रीझरमध्ये एका पिशवीत साठवत जा. ५०० ग्रॅम झालं की दीड लिटर पाण्यात ४५ मिनिटं मंद उकळा आणि गाळा. तासापेक्षा जास्त उकळू नका, कडवटपणा येतो. कोबी-फ्लॉवरचे दांडे नकोत, वास उग्र होतो. हिरवट पडलेल्या बटाट्याच्या साली तर अजिबात नकोत. मीठ शेवटपर्यंत घालू नका. अर्क आटवायचा झाला तर खारट होतो.

दोनटाके

पावाचं पीठ थंडीत फुगत नाही त्यावरही हीच पेटी चालेल का?

मंदआच

@दोनटाके, चालेल, पण पेटीत फार ऊब नको. पिठाच्या भांड्याशेजारी कोमट पाण्याची बाटली ठेवा. आतलं तापमान २४ ते २७ अंश पुरे. घाई नसेल तर पेटीशिवायही होतं. मैदा किंवा पावाचं पीठ ४०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट पाव चमचा. कालवा, झाकून ठेवा, मळू नका. २० अंशांच्या खोलीत १२ ते १८ तास लागतात, १५ अंशांच्या खोलीत एक दिवसही लागतो. घड्याळाकडे बघू नका, पिठाकडे बघा: आकार दुप्पट आणि वर बुडबुडे. मग पीठ लावलेल्या फडक्यावर गोळा करून तासभर ठेवा. झाकणाच्या जाड लोखंडी भांड्याला २३० अंशांवर आधी तापवा, त्यात गोळा सोडा, झाकून ३० मिनिटं, उघडून १५. पाव तासभर निवल्याशिवाय कापला की आत चिकट लागतो आणि भाजायला कमी पडला असं उगाच वाटतं.

लोकरगुंडा

सगळे पातेल्यात रमलेत, आता लोकरीकडे वळूया. :)

आटलेला, कसर लागलेला, कोपराला फाटलेला स्वेटर म्हणजे तयार कापड आहे. मुद्दाम आटवला की त्याचा नमदा, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतलेलं दाट कापड होतं. मग तो कसाही कापा, धागे सुटत नाहीत.

आधी लोकर खरी आहे का ते बघा. शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरा आणि वाटीवर जाळा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून टणक मणी होतो. ते कधीच आटणार नाही. लेबलवर किमान ८० टक्के लोकर हवी. 'मशीनमध्ये धुता येते' असं लिहिलेली लोकर न आटण्यासाठीच प्रक्रिया केलेली असते, तिच्यावर मेहनत करू नका.

स्वेटर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, नाहीतर तंतू मशीनच्या गाळणीत अडकतात. ६० अंशांचं पाणी, चमचाभर साबण, सोबत एक-दोन जुन्या जीन्स. आटण्यासाठी उष्णता, साबण आणि घासणं तिन्ही लागतात. जीन्स घासायचं काम करतात. विणीचे टाके दिसेनासे होईपर्यंत, सहसा दोनदा धुवावं लागतं. सपाट पसरून वाळवा.

हातमोज्यांसाठी हात कागदावर ठेवा, अंगठा पूर्ण ताणलेला, बाकी बोटं जवळ पण सैल. कडेने अर्धा इंच सोडून रेघ मारा. मनगटाची बाजू स्वेटरच्या खालच्या पट्टीवर येऊ द्या, म्हणजे घट्ट रिब आयती मिळते. एका हाताचे दोन तुकडे, समोरासमोर ठेवून काजाच्या टाक्याने शिवा, टाके पाव इंचावर. अंगठा आणि तळव्याच्या बेचक्यात दोन टाके जास्त घ्या. मोजा फाटतो तो तिथेच. उरलेल्या तुकड्यांतून बुटांचे आतले तळ कापा, दोन थर एकमेकांवर.

दोनटाके

आटवण्याऐवजी उसवून लोकर परत वापरायची असेल तर? लोकर दर वेळी हातभर लांबीवर तुटते.

लोकरगुंडा

@दोनटाके, तो स्वेटर कापून शिवलेला असणार. आतली शिवण बघा. कडेला ओव्हरलॉकची दाट टीप असेल तर कापड विणून मग कापलेलं आहे, प्रत्येक ओळीला धागा तुटणारच. असा स्वेटर आटवायलाच वापरा. शिवण साखळीसारखी असेल आणि कडेचे टाके अखंड दिसत असतील तर तो उसवता येतो.

शिवणी सोडवून तुकडे वेगळे करा. विणकाम जिथे बंद केलं त्या टोकाकडून उसवतं, म्हणजे बहुतेक स्वेटरांत गळ्या-खांद्याकडून. सुरुवातीच्या टोकाकडून प्रयत्न केला तर दर ओळीला गुंता होतो. उसवता उसवता खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, लडी काढा. २० मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टांगा, खाली एखादा हलका हँगर अडकवा. नागमोडी धागा सरळ होतो. जड वजन लावू नका, ताणलेली लोकर पुढच्या धुण्यात आखडते आणि नवा स्वेटर लहान होतो. तुटलेली टोकं जोडायला दोन्ही टोकं उकलून एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळहातांत जोरात चोळा. गाठ मारायची गरज नाही. हे फक्त खऱ्या लोकरीला जमतं.

जुनंतेसोनं

शेकाची पिशवी राहिली. जाड सुती कापड, दोरासुद्धा सुती. तयार माप ८ × १२ इंच, आत ८०० ग्रॅम कोरडे गहू, तांदूळ किंवा जवस. जवस अंगाला छान बसतो. मध्ये दोन उभ्या टिपा मारून तीन कप्पे करा, नाहीतर सगळं धान्य एका टोकाला जातं. पॉपकॉर्नचा मका चुकूनही भरू नका, शेक राहील बाजूला आणि खाऊ तयार होईल.

मायक्रोवेव्हमध्ये मध्यम शक्तीवर १ मिनिट, काढून हलवा, लागलं तर आणखी ३० सेकंद. शेजारी अर्धा कप पाणी ठेवा. दर तापवणीला धान्यातला ओलावा कमी होतो आणि अतिकोरडं धान्य आतून जळू लागतं.

भिंगरी

याला जोडून. तापवलेली पिशवी पांघरुणात ठेवून झोपू नये. पांघरूण उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि आतलं धान्य धुमसत जातं. अशा पिशव्यांनी आगी लागलेल्या आहेत. पुन्हा तापवायच्या आधी पूर्ण गार होऊ द्या. करपट वास आला तर धान्य टाकून द्या. तान्ह्या मुलांना आणि ज्यांच्या त्वचेला संवेदना कमी आहे त्यांना ही देऊ नका.

रबरी पिशवी वापरत असाल तर उकळतं पाणी नको, दोन-तृतीयांशच भरा, हवा दाबून काढा आणि मग झाकण लावा. काही पिशव्यांवर फुलाची खूण असते. मधला आकडा बनवल्याचं वर्ष, पाकळ्या म्हणजे महिने. रबर दोन-तीन वर्षांत कडक होतं. घडी घालून बघितल्यावर बारीक भेगा दिसल्या तर लगेच बदला.

रेघोटी

भेगाळलेल्या टाचा आणि ओठांसाठी मलम, दोनच घटक. मधमाश्यांचं मेण १ भाग, तेल ४ भाग, वजनाने. २० ग्रॅम मेण, ८० ग्रॅम तीळ, बदाम किंवा सूर्यफुलाचं तेल. ओठांसाठी थोडं घट्ट हवं, तिथे १ भागाला ३. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नाही. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, खळखळाट लागत नाही.

डब्यात ओतायच्या आधी चमच्यावर थेंब घेऊन २ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. दगडासारखं झालं तर तेल वाढवा, पातळ राहिलं तर मेण. एकदा डब्यांत ओतल्यावर सगळं पुन्हा वितळवावं लागतं. फक्त खोबरेल वापरू नका. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, थंडीत मलम टणक होतं. अंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच लावा. मलम पाणी देत नाही, आहे ते उडू देत नाही. पुन्हा उंबरठाताईंचंच सूत्र!

काजवा

यात गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घातला तर?

रेघोटी

@काजवा, नको. तेल-मेणाच्या मलमात पाणी नसतं म्हणूनच ते महिनोन्‌महिने टिकतं. पाणी गेलं की जंतू वाढतात, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधीच वाढलेले असतात. व्हिटॅमिन ई घातलं की टिकतं असं लिहिलेलं असतं, पण ते तेल खवट होणं लांबवतं, जंतू रोखत नाही. लिंबाचा रसही नको. लिंबू लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. ओल्या बोटाने डबी उघडू नका.

कवडसा

मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घालून खोली गरम होते म्हणतात. ते खरंच होतं का?

भिंगरी

@कवडसा, नाही. मेण जळून जेवढी उष्णता निघते तेवढीच खोलीला मिळते, कुंडी असो वा नसो. कुंडी गरम लागते म्हणून खोली गरम झाल्यासारखं वाटतं. उलट चार-पाच छोट्या मेणबत्त्या जवळजवळ ठेवून वर झाकण घातलं की मेण अति तापून सगळं एकदम पेटू शकतं. पेटलेल्या मेणावर पाणी टाकू नये, भडका उडतो. झाकण घालून विझवावं.

टाचणी

उरलेल्या मेणाचा चांगला उपयोग: पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये लाकडाचा भुसा भरा, पाण्याच्या पातेल्यात वितळवलेलं मेण प्रत्येक खळग्यात २ चमचे ओता, गार झाल्यावर कापा. उघड्यावरची शेकोटी किंवा चूल पेटवायला एक तुकडा पुरतो. मेण जास्त झालं तर ते नुसतं वितळून वाहतं, भुसा भिजेल एवढंच हवं.

काजवा

छानच धागा, वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न राहिला ना? एकच गोष्ट कुठली?

मंदआच

ऊबपेटी. सूप, दही, पीठ, तिन्ही एकाच खोक्यात.

लोकरगुंडा

खरी लोकर हाती लागली तर हातमोजे, नाहीतर ऊबपेटी. तिच्या भरणात न आटलेले ॲक्रिलिकचे स्वेटरही सत्कारणी लागतात.

उंबरठा

दाराची नळी म्हणणार होते, पण आता माझंही मत बदललं. फक्त पेटीचं भरण सुटं ठेवू नका. सूप सांडलं तर सगळी रजई धुवावी लागेल. भरण जुन्या चादरीच्या दोन पिशव्यांत शिवा: एक मोठी, भांड्याभोवती खळगा करून बसणारी, आणि एक वरून ठेवायची चौकोनी उशी. पिशव्यांना एका बाजूला नाड्या लावा, म्हणजे भरण काढून अभ्रा धुता येईल. उशी पेटीच्या तोंडापेक्षा इंचभर मोठी असू द्या, म्हणजे झाकण दाबून बसेल.

पातेलं

@उंबरठा, आणि उशी दर वापरानंतर उन्हात टाका. वाफ सगळी तिथेच मुरते. ओलसर राहिली तर चार दिवसांत कुबट वास येतो आणि तो दह्याला लागतो.